जुनी घड्याळे : संग्रह व जीर्णोद्धार

लंबकावर किंवा कमानीवर चालणारी जुनी यांत्रिक घड्याळे मिळविणे, चालू करणे व मूळ भागांसह टिकविणे. नव्या घड्याळाच्या दुरुस्तीत अचूक वेळ हे एकच साध्य असते. जुन्या घड्याळात ते ज्या काळी घडले व वापरले गेले, त्या काळाचा पुरावा राखणेही आवश्यक असते. ही दोन साध्ये पुष्कळदा परस्परविरोधी ठरतात.

महाराष्ट्रात घड्याळी वेळ लोकव्यवहारात रुजण्यास रेल्वे मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. लोहमार्ग १८५६ मध्ये खालापूर तालुक्यातील खोपोलीपर्यंत पोहोचला व १८६३ मध्ये कर्जतहून बोरघाट चढून जाणारा मार्ग खुला झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रासची वेळ पाळू लागली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सु. ३० मिनिटे पुढे होती. भारतीय प्रमाण वेळ १९०६ मध्ये आली. मुंबईच्या राजाबाई मनोऱ्यातील लंड अँड ब्लॉकली यांचे घड्याळ हे त्या काळातील सार्वजनिक घड्याळांचे ठळक उदाहरण होय.

कर्जत व खालापूर यांसारख्या घाटपायथ्याच्या भागात पावसाळ्यातील दमट हवा हा घड्याळाचा मुख्य शत्रू होय. तिने पेटीच्या लाकडाचे सांधे सुटतात व पोलादी कमान गंजते. तेलात धूळ मिसळून ते घट्ट होते व आसांची भोके झिजवते. तपमानाचाही परिणाम होतो : सेकंदाचा लंबक सु. ९९ सेंमी. लांब असतो, त्याचा दांडा पोलादी असल्यास तपमान १० से.ने वाढताच घड्याळ दिवसाला सु. ५ सेकंद मागे पडते. लाकडी दांड्यात हा दोष कमी असतो.

यंत्र उघडण्यापूर्वी कमानीचा ताण पूर्ण उतरविणे अत्यावश्यक असते. अन्यथा कमान एकाएकी सुटून चक्रांचे दात मोडतात व हातास इजा होते. यंत्र नुसते रॉकेलात धुतल्याने ते काही दिवस चालते, पण झिजलेली भोके तशीच राहतात. ती रुंद करून त्यांत पितळी नळी बसविणे हा खरा उपाय होय. तेल आसांच्या टोकांना व अन्य घर्षणाच्या जागी थेंबभरच देतात. चक्रांच्या दातांना देत नाहीत.

जाणकार संग्राहक कारागिराकडे गेल्यावर प्रथम पेटी, तबकडी व यंत्र मुळात एकत्रच होते काय, हे पाहतो. पेटीतील रिकाम्या स्क्रूच्या खुणा व तबकडीमागील जादा भोके यांवरून जोडकाम ओळखू येते. तबकडी नव्याने रंगविल्यास, पितळ घासून चकचकीत केल्यास किंवा जुन्या कारागिराने कोरलेली तारीख पुसल्यास घड्याळ नवे दिसते. पण त्याची ओळख कायमची जाते. अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांत रेडियम असण्याचा संभव असल्याने ते खरवडू नयेत.

स्फटिक घड्याळांच्या प्रसारामुळे हे काम जाणणारे कारागीर विरळ झाले आहेत. म्हणून बदललेला भाग जपून ठेवणे व केलेल्या कामाची नोंद पेटीतच ठेवणे, ही पुढील कारागिरासाठी केलेली सर्वांत उपयुक्त तरतूद ठरते.

पहा : कालमापन, घड्याळ.