ब्रिजचा खर्च : हिशेब एका दाताचा नव्हे, तीन दातांचा

दाढ एकच पडलेली असते. तिच्या जागी नवी दाढ बसवावी, एवढ्याच विचाराने आपण दंतवैद्यांकडे जातो आणि ते कागदावर वीस-पंचवीस हजारांचा आकडा लिहून देतात. घरी परतल्यावर बहुतेक ज्येष्ठांचा निर्णय एका वाक्यात होतो : “आता किती वर्षे राहिली माझी? कशाला एवढा खर्च?” विषय तेथेच मिटतो आणि दुसऱ्या दिवसापासून ताटातली भाकरी दुधात कुस्करली जाऊ लागते.

मी दंतवैद्य नाही, कुटुंबाचा डॉक्टर आहे. ब्रिज कसा बसवावा हे सांगणे माझे काम नव्हे. परंतु तो न बसवल्याचे परिणाम माझ्या दवाखान्यात येतात, आणि बसवण्यापूर्वीचा संभ्रमही माझ्यापुढेच बोलून दाखवला जातो. म्हणून या लेखात त्या आकड्याची फोड करून पाहू. आकडा समजला की भीती कमी होते. मग ‘हो’ म्हणायचे की ‘नाही’, हे विचारपूर्वक ठरवता येते.

आकडा मोठा का दिसतो?

ब्रिज म्हणजे पूल. पुलाला दोन्ही काठांवर खांब लागतात. मधली एक दाढ नसेल, तर तिच्या पुढचा आणि मागचा असे दोन दात चहूबाजूंनी थोडे घासून लहान करतात. त्या दोन्हींवर कॅप बसतात आणि मधला कृत्रिम दात त्या कॅपना जोडलेला असतो. म्हणजे पडला एक दात, पण घडवावे लागतात तीन. दंतवैद्य यातील प्रत्येकाला ‘युनिट’ म्हणतात आणि दर बहुधा प्रति युनिट सांगतात. “पाच हजार” असे ऐकून आपण घरी येतो आणि बिल पंधरा हजारांचे होते, तेव्हा फसवणूक झाल्यासारखे वाटते. अनेकदा ती फसवणूक नसते. दर एका युनिटचा होता, एवढेच. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा : “हा दर एका युनिटचा की पूर्ण ब्रिजचा? आणि माझ्या ब्रिजला युनिट किती?”

दुसरा फरक साहित्याचा. संपूर्ण धातूचा ब्रिज सर्वांत स्वस्त आणि मजबूत असतो. दिसायला तो धातूच्या रंगाचा असला, तरी मागच्या दाढांसाठी अनेक ज्येष्ठांना चालतो. धातूवर पोर्सलीनचा दातासारखा थर दिलेला ब्रिज मधल्या किमतीचा. झिर्कोनियाचा ब्रिज दिसायला अधिक नैसर्गिक, आणि महाग. समोरच्या, हसताना दिसणाऱ्या दातांसाठी रंगरूपाचा विचार स्वाभाविक आहे. मागच्या दाढेचे मुख्य काम चावणे. तेथे महागाचेच घ्यावे असा नियम नाही. मात्र खोटे दागिने वा घड्याळाचा पट्टा यांनी अंगावर पुरळ उठत असेल, तर निकेल या धातूची अ‍ॅलर्जी असू शकते. ते आधीच सांगावे.

तिसरा भाग पूर्वतयारीचा, आणि बिल वाढते ते बहुधा येथेच. खांब होणारे दात भक्कम हवेत. त्यांपैकी एखादा किडलेला असेल तर रूट कॅनॉल करावे लागते, झिजलेला असेल तर भरून उभा करावा लागतो. हिरड्यांवर कीट असेल तर आधी सफाई. हे सगळे ब्रिजच्या दरात नसते.

एक उदाहरण मांडून पाहू. यातील दर केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या गावातील दर कमी-अधिक असतील.

तीन युनिट, प्रत्येकी ५,००० रुपये : १५,०००
एका दाताचे रूट कॅनॉल : ४,०००
तो दात भरून उभा करणे : १,५००
हिरड्यांची सफाई : १,०००
एक्स-रे : ५००
एकूण : २२,००० रुपये

याच ठिकाणी १०,००० रुपये युनिटचे साहित्य निवडले, तर एकूण रक्कम ३७,००० रुपये होते. पूर्वतयारीचे ७,००० रुपये दोन्हींत तेच आहेत. दोन दवाखान्यांच्या आकड्यांत पंधरा हजारांचा फरक दिसला, तर एक डॉक्टर लुटारू आणि दुसरा सज्जन असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दोघांकडून अशीच ओळीओळीने फोड लिहून घ्यावी आणि मगच तुलना करावी. तात्पुरती कॅप, पुन्हा लागणारे एक्स-रे आणि पुढील तपासणीचे शुल्क यात धरले आहे का, तेही विचारावे.

नीट निगा राखलेला ब्रिज दहा वर्षे वा त्याहूनही अधिक टिकू शकतो. वरील २२,००० रुपये दहा वर्षांवर वाटले, तर महिन्याला दोनशेच्या आत येतात.

प्रत्येक पोकळी भरावीच लागते का?

नाही. सर्वांत मागची दाढ गेली असेल आणि बाकीच्या दातांनी नीट चावता येत असेल, तर ती जागा तशीच ठेवणे हाही वैद्यकीयदृष्ट्या मान्य मार्ग आहे. “मी हे केलेच नाही तर काय होईल?” हा प्रश्न प्रत्येक उपचारापूर्वी विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

मधली जागा रिकामी राहिली तर मात्र शेजारचे दात हळूहळू तिच्याकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातला दात पोकळीत उतरू लागतो. काही वर्षांनी तेच काम अधिक अवघड व महाग होते. शिवाय माणूस एकाच बाजूने चावू लागतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांचे वजन वर्षभरात सात किलोंनी उतरले होते. रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, सगळे झाले. काही सापडले नाही. मग मी त्यांना आदल्या दिवशी काय काय खाल्ले ते सांगायला लावले. चहात बुडवलेली बिस्किटे, मऊ भात, साबुदाण्याची खीर. उसळ नाही, भाकरी नाही, कोशिंबीर नाही. दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या होत्या आणि मुलाला खर्च नको म्हणून त्यांनी घरात कोणाला सांगितलेच नव्हते. प्रथिने कमी, साखर अधिक, आणि त्यात मधुमेह. दातांचे काम झाल्यावर त्यांचा आहार सुधारला व वजन सावरले. तपासण्यांवर जो खर्च झाला, त्यात दातांच्या कामाचा बराच भाग भागला असता.

ब्रिज हा एकमेव पर्यायही नाही. काढघाल करता येणारी अर्धी कवळी पुष्कळ स्वस्त पडते आणि तिच्यासाठी शेजारचे दात घासून लहान करावे लागत नाहीत. पण ती रोज काढून धुवावी लागते आणि काहींना तिची सवय होत नाही. इम्प्लांट हाडात बसते, शेजारच्या दातांना हात लागत नाही. परंतु खर्च सहसा ब्रिजहून अधिक, आणि हाड भरून येईपर्यंत काही महिने थांबावे लागते. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या वा इंजेक्शने चालू असतील, तर दात काढण्यापूर्वी किंवा इम्प्लांटपूर्वी ते सांगणे अत्यावश्यक आहे.

निर्णयापूर्वी प्रकृतीचा विचार

साखर अनियंत्रित असेल तर हिरड्या सुजतात आणि खांबाचे दात हलू लागतात. हलत्या खांबांवर कितीही महागाचा पूल उभारला तरी तो टिकत नाही. म्हणून साखर आणि हिरड्या आधी आटोक्यात आणाव्यात, मग ब्रिज. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या ज्या डॉक्टरांनी दिल्या, त्यांना विचारूनच निर्णय व्हावा. हृदयाची झडप बदललेली असल्यास तसे दंतवैद्यांना पहिल्याच भेटीत सांगावे. सर्व औषधांची यादी एका कागदावर लिहून सोबत न्यावी.

आणखी एक गोष्ट सांभाळकर्त्यांनी लक्षात घ्यावी. ब्रिजच्या मधल्या दाताखाली अन्नकण अडकतात. तेथे साधा ब्रश पोचत नाही. दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश किंवा ब्रिजखालून ओवता येणारा जाड फ्लॉस लागतो. हात थरथरत असतील, दृष्टी अधू असेल वा विस्मरण सुरू झाले असेल, तर ही सफाई रोज कोण करणार, हे आधी ठरवावे. झोपेच्या, रक्तदाबाच्या वा लघवीच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि कॅपच्या कडेशी कीड लवकर लागते. खांबाचा दात किडला तर बहुधा पूर्ण ब्रिज काढावा लागतो व खर्च पुन्हा नव्याने सुरू होतो. सफाई शक्यच नसेल, तर काढघाल कवळी हा अधिक शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो.

पैसे कसे उभे करावेत?

दाढ काढल्यावर जखम भरून हिरडी स्थिरावण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. कायमचा ब्रिज त्यानंतर बसवतात. हा काळ पैशांच्या सोयीचा असतो. सफाई आणि रूट कॅनॉल आधी, ब्रिज नंतर, असा खर्च विभागता येतो. ब्रिजचे पैसेही माप घेताना काही आणि बसवताना उरलेले, असे दोन टप्प्यांत देता येतील का, हे निःसंकोच विचारावे. असे विचारण्यात कमीपणा नाही.

आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नये. बहुतेक पॉलिसींमध्ये अपघाताने झालेली इजा वगळता दातांचे दवाखान्यात बसून होणारे काम धरलेले नसते. सत्तर वर्षांवरील नागरिकांसाठी २०२४ पासून खुले झालेले आयुष्मान कार्डही रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी आणि माजी सैनिक यांनी मात्र काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरोग्ययोजनेच्या दवाखान्यात चौकशी करावी. पूर्वपरवानगी न घेता केलेल्या खर्चाची भरपाई मिळणे अवघड जाते.

ज्येष्ठांसाठी आरोग्य विम्याचा हप्ता भरलेला नसेल, तर जुन्या करप्रणालीत ‘८०-डी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार त्यांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांसाठी खर्च करणाऱ्या मुलांनाही ती लागू आहे. अट अशी, की पैसे रोखीने दिलेले नसावेत. म्हणून धनादेश, कार्ड वा यूपीआयने पैसे द्यावेत, रुग्णाच्या नावाचे बिल घ्यावे आणि आपल्या करसल्लागारास दाखवावे.

खर्च झेपतच नसेल, तर दंत महाविद्यालयांचा मार्ग खुला आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे महाविद्यालय : येथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात आणि खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने पुष्कळ कमी येतो. फेऱ्या अधिक होतात, रांगेत थांबावे लागते. सोबत कोणी येणारे असेल तर हा उत्तम पर्याय आहे.

हप्त्यांवर उपचार देणाऱ्या योजनांचा कागद सावकाश वाचावा. ‘बिनव्याजी’ म्हटले तरी प्रक्रिया शुल्क किती, आणि हप्ता चुकल्यास दंड किती, हे विचारावे. आणि स्वस्त पडते म्हणून रस्त्याकडेला वा जत्रेत तारेने किंवा लुकणाने ‘पक्का दात’ बसवून देणाऱ्यांकडे कधीही जाऊ नये. तो दात शेजारच्या निरोगी दातांनाही घेऊन जातो. डॉक्टरांच्या नावाखाली राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे ना, एवढे पाहावे.

झिर्कोनियाच्या ब्रिजसोबत बहुधा लॅबचे हमीपत्र मिळते. ते मागून घ्यावे व बिलासोबत जपून ठेवावे. मात्र अशी हमी सहसा ब्रिज तुटण्यापुरती असते. खालचा दात किडला तर ती लागू होत नाही.

मुलामुलींना, सुनांना एक विनंती. आईबाबांना “दात करायचे का?” असे विचारू नका; उत्तर ‘नको’ असेच येईल. “काल भाकरी का सोडली?” असे विचारा. आणि आपण ज्येष्ठांनी खर्चाचा आकडा मुलांपासून लपवू नये. फोड केलेला कागद सर्वांसमोर ठेवावा, एकत्र बसून वाचावा. त्यानंतर ब्रिज ठरो, कवळी ठरो की काहीच न करणे ठरो, तो निर्णय पैशाच्या धास्तीने नव्हे, तर आपल्या प्रकृतीला पाहून घेतलेला असेल.