देव जातो म्हणजे कुठे जातो?

भागवताच्या अकराव्या स्कंधाचा पहिलाच अध्याय एका माशाच्या पोटापाशी येऊन थांबतो. कोकणातल्या मिठबाव-तांबळडेगच्या पट्ट्यात ज्यांचं पोट समुद्रावर चालतं, त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यादवांच्या पोरांनी कृष्णाचा मुलगा सांब याला लुगडं नेसवलं, पोटुशी बाई म्हणून ऋषींपुढे उभं केलं आणि विचारलं, हिला काय होईल? ऋषी संतापले. तुमच्या कुळाचा नाश करणारं मुसळ होईल, म्हणाले. झालंही तसंच. राजा उग्रसेनाने ते लोखंडी मुसळ कुटून त्याचं चूर्ण समुद्रात टाकायला लावलं, उरलेला तुकडाही फेकायला लावला. चूर्ण लाटांबरोबर काठाला लागलं आणि तिथे एरका नावाचं गवत उगवलं. तुकडा एका माशाने गिळला. तो मासा इतर मासळीबरोबर कोळ्यांच्या जाळ्यात आला आणि त्याच्या पोटातलं लोखंड जरा नावाच्या व्याधाने बाणाच्या टोकाला बसवलं. पुढे प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत यादव एकमेकांवर तुटून पडले ते त्याच गवताच्या काड्या उपटून. आणि पिंपळाखाली बसलेल्या श्रीकृष्णाच्या पायात शिरला तो त्याच लोखंडाचा बाण. भागवतकार एक गोष्ट आवर्जून सांगतात, हा शाप फिरवायची ताकद श्रीकृष्णात होती. त्याने तो फिरवला नाही.

देव जातो, हे सांगायला आपले ग्रंथ कचरत नाहीत. प्रश्न आहे तो गेला म्हणजे नेमकं काय झालं, हा. इथे दोन थोर ग्रंथ दोन वाटांनी जातात. महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुन बलराम आणि कृष्ण या दोघांचे देह शोधतो आणि त्यांना अग्नी देतो. माणसाच्या घरात मृत्यू झाल्यावर जे करायचं तेच. भागवताला मात्र हे मान्य नाही. तिथे कृष्ण योगाग्नीने देह जाळत नाही, त्याच देहाने स्वधामाला जातो. ढगातून निघालेली वीज कुठल्या वाटेने गेली हे माणसाला कळत नाही, तशी त्याची वाट देवांनाही दिसली नाही. पुढे समुद्राने द्वारका गिळली. सगळी नगरी बुडाली, फक्त श्रीकृष्णाचं घर तेवढं राहिलं. आणि भागवत सांगतं की त्या घरात तो नित्य आहे. मालक निघून गेलेल्या घरात मालकाची नित्य वस्ती! माझ्या मते अकराव्या स्कंधाचं सगळं सार या एका गोष्टीत आहे.

जायच्या आधी तो बोलून गेला, हेही तितकंच मोठं. त्याचा सखा उद्धव याला मागे राहायचं नव्हतं; मलाही बरोबर ने, असं तो विनवत होता. कृष्णाने त्याला नेलं नाही, समोर बसवून सांगितलं. सातव्या अध्यायापासून एकोणतिसाव्यापर्यंत हे बोलणं चालतं. अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा त्यातलीच. त्या गुरूंत समुद्र आहे: पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून तो आटत नाही. जिभेच्या चवीपायी गळाला लागणारा मासाही आहे. शेवटी उद्धव त्याच्या पादुका डोक्यावर घेऊन बदरिकाश्रमाच्या वाटेला लागतो.

या एकट्या स्कंधावर एकनाथांनी 18 हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या. पहिले पाच अध्याय पैठणला झाले, उरलेले काशीत. शके 1495 म्हणजे 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेला ग्रंथ पुरा झाला. बारा स्कंधांच्या भागवतातून नाथांनी दहावा स्कंध निवडला नाही, ज्यात गोकुळ आहे, लोणी आहे, रास आहे. त्यांनी निरोपाचा स्कंध घेतला. डोळ्यांपुढे देव असताना भक्ती सोपी असते. तो नजरेआड झाल्यावर ती कशी करायची, हे सामान्य माणसाला मराठीत सांगायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. शके 1521 च्या फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला आणि ती तिथी नाथषष्ठी झाली.

मग मागे राहिलेल्यांसाठी देव कुठे? पद्मपुराणातल्या भागवतमाहात्म्यात याचं थेट उत्तर आहे. उद्धवाची काळजी ऐकून कृष्णाने आपलं तेज भागवतात ठेवलं आणि तो त्या ग्रंथात शिरला. म्हणून हा ग्रंथ त्याची वाङ्मयी मूर्ती. सप्ताहात पोथीला काय मान असतो तो पाहिला की हे पटतं. ती रेशमी वस्त्रात बांधलेली असते, मिरवणुकीत डोक्यावरून येते, चौरंगावर बसते, तिला गंधफूल वाहिलं जातं, आरती होते. सांगणारे बुवा तिला आधी नमस्कार करतात आणि मगच गाठ सोडतात. वाचून मिटवायचं पुस्तक म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, घरी आलेल्या देवाची सगळी उठबस तिच्या वाट्याला येते.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सत्ताविसावा अध्याय, पूजाविधीचा. कीर्तनात तो फारसा रंगत नाही. त्यात कृष्ण मूर्तींचे आठ प्रकार सांगतो: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रातली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. मग तो नियम घालून देतो. स्थिर प्रतिष्ठेच्या मूर्तीला आवाहन नाही आणि विसर्जनही नाही. अस्थिर मूर्तीला दोन्ही करावं किंवा करू नये. जमिनीवर आखलेल्या स्थंडिलावर मात्र दोन्ही करायलाच हवं. म्हणजे देव बोलावला की येतो आणि पोचवला की जातो, हा व्यवहार काही ठिकाणांपुरताच. बाकी ठिकाणी तो आहेच.

या नियमाचा अर्थ मिठबावच्या माणसाला संस्कृत न शिकताही ठाऊक असतो. गावात रामेश्वराचं देऊळ आहे, समुद्राकडेला गजबादेवी आहे, उत्तरेला थोड्या अंतरावर कुणकेश्वर. या देवांना कोणी या म्हणत नाही आणि जा म्हणत नाही. गाऱ्हाणं घालताना ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक असते ती समोर बसलेल्याला मारायची हाक असते. चतुर्थीचा गणपती वेगळा. मुंबईहून चाकरमानी येतात, माटवी सजते, मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते आणि कुणाचा दीड दिवस, कुणाचे पाच, सात, अकरा दिवस झाले की उत्तरपूजा करून मूर्ती जागची थोडी हलवतात. तेवढ्या हलवण्याने देव निघाला. बरोबर दहीपोह्यांची शिदोरी देतात. पाण्यात पोचवून परतताना पुष्कळ घरची माणसं पाटावर चिमूटभर वाळू किंवा माती घेऊन येतात, ती मखरात ठेवतात आणि तिची आरती होते. तिथे विसर्जन अर्धवट राहिलं असं कुणालाच वाटत नाही, कारण निरोप देतानाच परत येण्याचं वचन मागून घेतलेलं असतं.

याच्या उलट जाणारी एक रीत इथून दक्षिणेला, मालवण तालुक्यात आहे. आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवाला कौल लावायचा, त्याने होकार दिला की ठरल्या वेळी सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर पडतो. तान्ही पोरं, म्हातारी माणसं, गाईगुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी बरोबर. झापांच्या आणि ताडपत्रीच्या राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं रंगतात. आचऱ्यात मुसलमान आणि ख्रिस्ती घरंही बाहेर पडतात. तीन दिवस, तीन रात्री गावात माणसाचं पाऊल नाही.

यामागची कारणं माणसागणिक वेगळी ऐकू येतात. कुणी भूतखेतांची सांगतात, कुणी रोगराईची आणि मोकळ्या हवेची. मी ही रीत सत्ताविसाव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचतो. स्थिर देवाला उठवता येत नाही, हा नियम ज्यांच्या हाडीमाशी भिनला आहे, त्यांनीच स्वतःला उठवायचं ठरवलं. देवाचं विसर्जन करता येत नाही, तर गावाचं करू. रिकामं झालेलं गाव तीन दिवस ओस म्हटलं जात नाही, ते देवाच्या ताब्यात असतं. समुद्राने वाचवलेलं द्वारकेतलं ते घरही असंच होतं: माणूस नसलेलं आणि तरी भरलेलं.

परतायचं तेही मनाला आलं म्हणून नाही. तीन रात्री सरल्या की मानकरी पुन्हा देवाला कौल लावतात, आणि होकार आल्यावरच गुरांचे कासरे सोडून गाव घराकडे वळतो.