नाव बदलून मिळालेला पहिला अल्बम

रॉक संगीताच्या इतिहासात असे अनेक बँड आढळतात की ज्यांचा पहिलाच अल्बम त्यांच्या कारकिर्दीचे शिखर ठरला आणि पुढे वर्षानुवर्षे वाजवूनही त्यांना ती उंची पुन्हा गाठता आली नाही. याचे स्पष्टीकरण सहसा एकाच वाक्यात दिले जाते. पहिल्या अल्बमसाठी बँडजवळ तोवरचे सारे आयुष्य असते, तर दुसऱ्यासाठी ध्वनिमुद्रिका कंपनीने दिलेले वर्ष-दीड वर्ष. हे स्पष्टीकरण खोटे नाही, परंतु अपुरे आहे. आणि ते नेमके कोठे अपुरे पडते हे समजून घेण्यासाठी मुंबईतील एका बँडची कहाणी जितकी उपयोगी पडते, तितकी परदेशातील गाजलेली उदाहरणेही पडत नाहीत.

परदेशातील उदाहरणे अर्थातच अधिक परिचित आहेत. अमेरिकेतील ‘बॉस्टन’ या बँडचा कर्ताधर्ता टॉम शोल्झ हा एमआयटीतून शिकलेला आणि पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा अभियंता होता. घराच्या तळघरात उभारलेल्या स्टुडिओत त्याने गिटारचे थर एकावर एक चढवून, म्हणजे एकाच फितीच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर तीच वाद्ये पुनःपुन्हा वाजवून, कित्येक वर्षे ही गाणी घडवली. १९७६ मध्ये निघालेल्या त्या पहिल्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रती गेल्या. दुसरा अल्बम १९७८ मध्ये आला, तो घाईने काढावा लागल्याची खंत शोल्झने पुढे बोलून दाखवली. परंतु तिसऱ्या अल्बमसाठी त्याने थेट १९८६ पर्यंत वेळ घेतला, तरीही पहिल्याची सर त्याला आली नाही. इंग्लंडमधील ‘द स्टोन रोझेस’चेही तसेच झाले. १९८९ चा त्यांचा पहिला अल्बम आणि १९९४ च्या अखेरीस आलेला दुसरा यांच्यामध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला, त्यातला बराचसा ध्वनिमुद्रिका कंपनीशी चाललेल्या कोर्टकज्ज्यात खर्ची पडला, आणि इतक्या प्रतीक्षेनंतर आलेले संगीत पहिल्याइतके ताजे वाटले नाही. वेळ मिळाला की उंची मिळते, असे मानावे तर ही दोन्ही उदाहरणे आडवी येतात.

‘गन्स एन’ रोझेस’चा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा अल्बम तर या विषयातले सर्वात बोलके उदाहरण आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. २१ जुलै १९८७ रोजी तो बाजारात आला, वर्षभर रखडत राहिला आणि १९८८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढला. तबकडीच्या बाजूंना ‘ए’ आणि ‘बी’ न म्हणता ‘जी’ आणि ‘आर’ म्हटले होते. स्लॅश या गिटारवादकाने जी गिटार वाजवली ती मूळ गिब्सन कंपनीची नव्हती. क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने हाताने घडवलेली ती ‘लेस पॉल’ची प्रतिकृती होती, आणि तिचा जाड, किंचित अनुनासिक आवाज हीच पुढे स्लॅशची ओळख ठरली. आता साठलेल्या गाण्यांचा मुद्दा पाहावा. ‘नोव्हेंबर रेन’ आणि ‘डोन्ट क्राय’ ही गाणी पहिल्या अल्बमपूर्वीच आकाराला आलेली होती आणि ती मुद्दाम मागे ठेवली गेली. १७ सप्टेंबर १९९१ रोजी ‘यूज युवर इल्यूजन’चे दोन भाग एकाच दिवशी निघाले, तेव्हा बँडजवळ गाण्यांचा तुटवडा मुळीच नव्हता. उणीव होती ती स्टीव्हन ॲडलर या ड्रमवादकाची. त्याचा ठेका घड्याळाप्रमाणे काटेकोर नव्हता, त्यात एक झोका होता, आणि पाच जणांनी एकाच कोंदट खोलीत राहून, उपाशीपोटी सराव करून तो झोका अंगात मुरवला होता. १९९० मध्ये ॲडलरला बँडमधून काढण्यात आले. पुढचे अल्बम अधिक भव्य झाले, परंतु तो झोका त्यांत उरला नाही.

मराठी वाचकाला येथे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आठवणे स्वाभाविक आहे. १९६३ मध्ये, वयाच्या पंचविशीत लिहिलेली ही पहिली कादंबरी त्यांच्या पुढच्या साऱ्या कादंबऱ्यांसमोर मापदंड म्हणून उभी राहिली आणि नंतरच्या कादंबऱ्या तिच्यापेक्षा सरस की उण्या हा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र कादंबरी एकट्याची असते आणि तिचा लेखक पुढेही तोच राहतो. बँड हा चार-पाच जणांचा संसार असतो. त्यातला एक माणूस बदलला, किंवा तेच सगळे वेगवेगळ्या घरांत राहू लागले, तरी आवाज बदलतो. पहिल्या अल्बममध्ये साठलेले असते ते सहवासाचे भांडवल, आणि ते पुन्हा उभे करता येत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मुंबईतील रॉकची पार्श्वभूमी थोडक्यात अशी: साठच्या दशकाच्या उत्तरार्धात महाविद्यालयीन तरुणांचे बँड निघाले, एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील निवडक बँडांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या, कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये १९७२ साली ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन स्थानिक वादकांसह वाजवून गेले, आणि १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरवण्यास आरंभ केला.

वसई-विरारच्या पट्ट्यात हे संगीत पोचले ते रेल्वेने. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटरचे अंतर लोकलने कापून रंगभवनला जायचे, मरीन लाइन्सला उतरायचे, आणि शेवटची विरार लोकल चुकू नये म्हणून मुख्य बँडची अखेरची गाणी सोडून निघायचे, हा ऐंशी-नव्वदच्या दशकांतील कितीतरी तरुणांचा शिरस्ता होता. पापडी, गिरीज, भुईगाव, नंदाखाल या ख्रिस्ती वस्तीच्या गावांत गिटार परकी नव्हती. चर्चमधील मराठी गायनाला तिची साथ असे, कोलकात्याच्या ‘गिवसन’ची स्वस्त गिटार घराघरांत खुंटीला दिसे, आणि तिच्या तारा आणायला धोबीतलावच्या फुर्ताडोसच्या दुकानापर्यंत जावे लागे. विकत घेतलेली एक कॅसेट दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर कोऱ्या कॅसेटींवर उतरवून गावभर फिरे. अशीच उतरवलेली एक कॅसेट गिरीजमधील एका घरात अलीकडे पाहण्यास मिळाली. तिच्या वेष्टनावर निळ्या शाईने गाण्यांची नावे लिहिलेली होती, आणि एका बाजूवर अल्बम संपल्यावर उरलेल्या फितीत चर्चच्या गायनाचा सराव ध्वनिमुद्रित केलेला होता. रॉकने वसईत स्वतःचे वेगळे घर मागितले नाही. जे गाणे आधीपासून होते त्याच्या शेजारीच त्याने जागा करून घेतली.

मराठी माणसाच्या दृष्टीने या परंपरेतील सर्वात मोलाचे नाव नंदू भेंडे यांचे, आणि त्यांच्यासाठी येथे वाट थोडी वाकडी केली तरी चालेल. आत्माराम आणि आशा भेंडे या रंगभूमीवरील नामवंत दांपत्याचा हा मुलगा ‘वेल्व्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ आणि ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडांतून गायला. अलेक पदमसी यांनी मुंबईत बसवलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेत त्यांनी जुडासची भूमिका केली, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून रचलेल्या व जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ते अंकुश झाले. रॉक गायकाचा मोकळा, घशाच्या तळातून येणारा आवाज मराठी रंगमंचावर मराठी शब्दांसह ऐकू आला तो येथे, आणि त्यानंतर त्या ताकदीने तो क्वचितच ऐकू आला. भेंडे २०१४ मध्ये निवर्तले.

‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हा बासवादक कीथ कांगा यांनी उभा केलेला बँड. ‘ऑब्सेशन ’७७’ हा त्यांचा एकमेव अल्बम, म्हणून पहिला अल्बम शिखर ठरण्याचा प्रश्न त्यांच्या बाबतीत फार कठोरपणे सुटला. वर्षानुवर्षे हॉटेलांत आणि महाविद्यालयांत इतरांची गाणी, ज्यांना ‘कव्हर’ म्हणतात, ती वाजवून कमावलेले सारे कसब एकदाच तबकडीवर उतरले. ती तबकडी पुढे जगभरच्या संग्राहकांनी हुडकून काढली, आणि २०११ मध्ये अमेरिकेतील ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने या बँडचे ध्वनिमुद्रण नव्याने प्रकाशित केले. त्या पिढीला दुसरा अल्बम काढण्याची संधीच नव्हती. ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे लक्ष चित्रपटगीतांवर होते आणि स्टुडिओचे तास महाग होते.

आता या लेखाचे मूळ निमित्त असलेल्या बँडकडे वळता येईल. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ स्थापन झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवादक मार्क सेल्विन, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया आणि ड्रमवादक मार्क मेनेझिस ही त्याची गाजलेली फळी होती. १९८८ चा ‘रॉक ’एन’ रोल रेनेगेड’ हा त्यांचा पहिला अल्बम. सर्वस्वी स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन येणाऱ्या भारतातील आरंभीच्या रॉक अल्बमांपैकी तो एक होता, आणि त्याचे धाडस आजही जाणवते, कारण त्या काळी श्रोता बँडकडून ‘डीप पर्पल’ची हुबेहूब नक्कल मागत असे आणि नवे गाणे सुरू झाले की चहाला उठत असे. तरीही हे मान्य केले पाहिजे की त्या अल्बममधील आवाज अमेरिकी हार्ड रॉकच्या साच्यातून निघालेला आहे. गाणी स्वतःची असली तरी गाण्यांची वेशभूषा उसनी आहे. १९९० मधील ‘द सेकंड कमिंग’ वाजवण्याच्या दृष्टीने अधिक सफाईदार झाला, आणि ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओने एमटीव्हीचा पुरस्कार मिळवून मुंबईच्या बँडला आशियाभर ओळख दिली.

त्यानंतर या मंडळींनी जे केले त्याला रॉकच्या इतिहासात फारशी तोड नाही. कमावलेले नाव, ज्याच्या जोरावर सभागृहे भरत होती, ते त्यांनी १९९३ मध्ये टाकून दिले आणि ‘इंडस क्रीड’ असे नवे नाव घेतले. आपले संगीत कोठून आले आहे याची खूण नावात असावी, हा त्यामागचा विचार होता. १९९५ मध्ये याच नावाचा अल्बम निघाला. हिशेबाने तो या माणसांचा तिसरा. परंतु कानाला तो पहिला वाटतो, आणि कोणत्याही मुंबईकर बँडचा सर्वोत्तम पहिला अल्बम म्हणून त्याचाच उल्लेख व्हावा, असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते. ‘ट्रॅप्ड’ आणि ‘स्लीप’ ही त्यातील दोन गाणी लागोपाठ ऐकल्यास कारण उमगते. गिटारचे ‘रिफ’, म्हणजे गाण्याला कणा देणारी पुनरावृत्त होणारी स्वरावली, येथे केवळ जोर दाखवण्यासाठी येत नाही; दोन रिफांच्या मधली जागा मोकळी सोडलेली आहे आणि त्या जागेत भारतीय स्वरवळणे अवघडल्याशिवाय वावरतात. बेनेगल यांचा आवाज पूर्वी वरच्या पट्टीकडे धावे. तो येथे मधल्या सप्तकात स्थिरावतो आणि शब्दांना वजन देतो. दशकभर एकत्र वाजवलेल्या माणसांचा सहवास होता तसाच राहिला, आणि मागच्या यशाचे ओझे मात्र जुन्या नावाबरोबर मागे पडले. पहिल्या अल्बमला जे दोन लाभ मिळतात, मुरलेला सहवास आणि कोणाचीही नसलेली अपेक्षा, ते दोन्ही त्यांना एका निर्णयाने दुसऱ्यांदा मिळाले. ‘बॉस्टन’ला आठ वर्षांत आणि ‘स्टोन रोझेस’ला पाच वर्षांत जे साधले नाही, ते येथे साधले.

दुर्दैवाने हा दुसरा जन्मही पहिल्या अल्बमच्या शापातून सुटला नाही. १९९७ मध्ये बँड फुटला. बेनेगल आणि गांधी यांनी न्यूयॉर्कला जाऊन ‘आम्स फॉर शांती’ हा प्रकल्प उभारला.

याच्या उलट उदाहरणही मुंबईतच आहे, आणि ते सांगितले नाही तर अन्याय होईल. विशाल दादलानी यांच्या ‘पेंटाग्राम’ने १९९६ मध्ये ‘वुई आर नॉट लिसनिंग’ हा पहिला अल्बम काढला, परंतु २००२ मधील ‘अप’मध्ये रँडॉल्फ कोरेया यांच्या गिटारभोवती इलेक्ट्रॉनिक ध्वनींची नवी चौकट उभी करून ते कितीतरी पुढे गेले. त्यांनी नाव बदलले नाही, वाद्यांचा संसार बदलला. परिणाम तोच झाला.

२०१० मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने होते; बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे तरुण वादक आले होते. वादनाचा दर्जा पाहता हा त्यांचा सर्वात प्रगल्भ अल्बम आहे, विशेषतः तिनईकरांची गिटार येथे पूर्वी कधी नव्हती इतकी मितभाषी झाली आहे. तरीही १९९५ च्या अल्बमची बरोबरी तो करत नाही, कारण मेनेझिस आणि सेल्विन या जोडीचा ठेका त्यात नाही, आणि तेरा वर्षांच्या खंडानंतर भेटलेल्या माणसांना परस्परांची चाहूल घेऊन वाजवावे लागते.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने हे तिन्ही अल्बम कालक्रमाने न ऐकता आधी १९९५ चा, मग १९८८ चा आणि शेवटी २०१२ चा असे ऐकावेत. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले आणि शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील रॉक तर त्याच्याही आधी थांबले होते, त्यामुळे ज्या ठिकाणी हे संगीत विकत मिळे आणि ज्या ठिकाणी ते प्रत्यक्ष ऐकायला मिळे, ती दोन्ही आता उपलब्ध नाहीत. वसईतील जुन्या घरांत मात्र उतरवलेल्या कॅसेटी अद्याप आहेत, आणि त्या फिती खराब होण्यापूर्वी त्यांची यादी करून त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम कोणीतरी लवकर हाती घ्यायला हवे.