मोत्याचं पोर्ट्रेट करून घ्यायचंय?

ग्रामोफोनच्या कर्ण्यापाशी मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा मराठी घरांनी दोन-तीन पिढ्या पाहिला. नाट्यसंगीताच्या तबकडीवर तो गरगर फिरायचा. त्याचं नाव निपर. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना दात लावायची खोड, म्हणून हे नाव पडलं. भाऊ वारल्यावर त्याचा हा कुत्रा फ्रान्सिस बरॉ या इंग्रज चित्रकारानं सांभाळला. १८९५ मध्ये निपर गेला आणि त्यानंतर तीनेक वर्षांनी बरॉनं त्याला रंगवलं. मूळ चित्रात निपरसमोर होता फोनोग्राफ. ग्रामोफोन कंपनीनं त्यावर आपलं यंत्र रंगवून घेतलं आणि चित्राचे ५० व हक्कांचे ५० असे १०० पौंड मोजले. यंत्र बदललं, पण कुत्र्याला हात लावावा लागला नाही. ती ऐकण्याची लकब बरॉच्या घरातली होती.

आज फोटोवरून पोर्ट्रेट करून घेणाऱ्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं. रंगवणाऱ्यानं ते जनावर कधी पाहिलेलंच नसतं. त्याच्या हाती येतो मोबाइलवरचा एक फोटो, तोही व्हॉट्सॲपवरून बारीक होऊन आलेला. मग चित्र लॅब्रेडॉरचं होतं, आपल्या मोत्याचं होत नाही. म्हणून निम्मं काम मालकानंच करायचं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात फोटोपासून. उभ्यानं, वरून काढलेल्या फोटोत डोकं भलंमोठं आणि पाय इवलेसे दिसतात. सरळ जमिनीवर बसा, फोन त्याच्या डोळ्यांच्या रेषेत धरा. अगदी जवळून काढलं की नाक फुगतं, त्यामुळे चार-पाच फूट मागे सरून थोडं झूम करणं बरं. फ्लॅश नकोच. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत आत, पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. फ्लॅश पडला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि त्यांचा खरा रंग हरवतो. सकाळी खिडकीशी बसवा. बुबुळावर खिडकीचा एवढासा पांढरा ठिपका उमटतो आणि चित्रातली नजर बरीचशी त्या ठिपक्यावर जिवंत होते. मांजराची गंमत वेगळीच. भर उन्हात त्याची बाहुली म्हणजे उभी चीर, तिन्हीसांजेला गोल. पहिल्या फोटोवरून केलेली मनी करारी दिसेल, दुसऱ्यावरून केलेली लाडिक. तुमची कुठली, ते तुम्हीच ठरवायचं.

काळ्या कुत्र्याची पंचाईत सर्वांत मोठी. फोटोत त्याचा नुसता डाग उमटतो. चांगला चित्रकार ट्यूबमधला काळा रंग फासत नाही. आभाळाकडच्या अंगाला निळसर झाक देतो, उन्हातल्या कानाच्या कडेला तांबूस. ते त्याला कळावं, तर उन्हातला आणि सावलीतला, असे दोन्ही फोटो द्यायला हवेत.

एका फोटोवर भागत नाही ते यासाठीच. जनावर समोर असलं की गोष्ट वेगळी. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदारानं गोव्याहून जहांगीर बादशहाकडे जे अपूर्व पशुपक्षी नेले, त्यांत एक टर्की होता. त्याच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे पालटतात, हे बादशहानं आत्मचरित्रात नोंदवलं आणि चित्रकारांना तो रंगवायला लावला. उस्ताद मन्सूरच्या नावावरचं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मन्सूरला दरबारात पक्षी बघता येत होता. आपल्या चित्रकाराला आपणच सांगायला हवं: डावा कान दुमडलेला असतो, म्हातारपणी तोंड पांढरं झालंय, ते तसंच ठेवा.

माध्यम निवडताना हवेचा विचार करा. सॉफ्ट पेस्टलमध्ये लव सुरेख उतरते, पण ती भुकटीच. काच हवीच, आणि कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंटही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तेव्हा ओल येणारी भिंत टाळा. अॅक्रिलिक लगेच वाळतं. तैलरंगाची खोली औरच, पण त्याला दम धरावा लागतो.

व्यवहार चोख ठेवा. पेन्सिलचं रेखाटन आधी मागून घ्या. दुरुस्ती तिथेच सांगायची, रंग चढल्यावर नव्हे. ‘हातानं रंगवलेलं’ म्हणून फोटोच कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेला मालही विकला जातो, म्हणून काम चालू असतानाचे फोटो मागायला संकोच नको. आणि एक फारसं कुणाला ठाऊक नसलेलं: १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करून घेतलेल्या पोर्ट्रेटचा हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचा असतो. चित्रकाराला ते मगवर छापून विकायचं असेल, तर त्यानं तुम्हाला विचारायचं.

दिवाळीत तैलचित्र भिंतीवर हवं असेल, तर गुढीपाडव्यालाच सांगून टाका. रंग वरून वाळला तरी शेवटचं वॉर्निश साधारण सहा महिन्यांनी लागतं, आणि त्यासाठी चित्र पुन्हा चित्रकाराकडे न्यायचं असतं.