नायक खोलीबाहेर गेल्यावर

एका वाचक भगिनींनी पत्राद्वारे असे विचारले आहे की, त्यांच्या कचेरीतील वरिष्ठांना ‘भावनिक बुद्धिमत्ते’ची तालीम देण्यासाठी शिबिरे भरविली जातात व त्यांची प्रशस्तिपत्रेही वाटली जातात, तर हा गुण खरोखरच शिकविता येतो काय, आणि तो अंगी बाणला की नाही हे मोजावयाचे कसे? प्रश्नाचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. कारण या विषयाचा जो प्रचंड व्यापार आज उभा राहिला आहे त्याची सारी मदार मोजमापावर आहे, आणि नेमके तेच त्याचे सर्वांत दुबळे अंग आहे.

मूळ कल्पना जुनी आणि सुज्ञ आहे. कारखान्यातील सर्वोत्तम कारागीर मुकादम म्हणून अपयशी ठरू शकतो, कारण यंत्रे ओळखण्याची बुद्धी वेगळी आणि माणसे ओळखण्याची वेगळी, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 सालीच लिहून ठेवले होते. 1990 मध्ये पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या नावाने एक संयत शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी डॅनियल गोलमन या पत्रकाराच्या पुस्तकाने ते नाव जगभर नेले, आणि 1998 पर्यंत गोलमन असे लिहू लागले होते की, वरच्या हुद्द्यांवरील असामान्य आणि सामान्य अधिकाऱ्यांत जो फरक आढळतो त्यापैकी जवळजवळ 90 टक्के फरक याच गुणाचा असतो. मूळ शोधनिबंधात असा दावा कोठेही नव्हता, आणि मेयर यांनी पुढे या अतिशयोक्तीबद्दल उघड नापसंती दर्शविली, हे त्यांच्या सचोटीला शोभण्यासारखेच झाले.

2010 मध्ये हार्म्स आणि क्रेडे या संशोधकांनी 62 स्वतंत्र नमुन्यांवरील अभ्यास एकत्र करून, भावनिक बुद्धिमत्ता आणि अनुयायांना प्रेरणा देणारे नेतृत्व यांचा सहसंबंध तपासला. दोन्ही गुणांचे मूल्यमापन एकाच व्यक्तीने केले असता तो 0.59 इतका भरला. परंतु एकाचे मूल्यमापन एकाने आणि दुसऱ्याचे दुसऱ्याने केले असता तो 0.12 वर घसरला. ज्या परीक्षकाचा एखाद्या विद्यार्थ्यावर लोभ आहे त्यानेच त्याला गणितातही आणि भाषेतही गुण द्यावेत, आणि दोन्ही विषयांतील गुण जुळतात म्हणून गणित येणाऱ्यास भाषाही येते असा सिद्धांत मांडावा, तसाच हा प्रकार होता. अधिकाऱ्याच्या हाती प्रश्नावली देऊन ‘तुम्ही इतरांच्या भावना जाणता काय?’ असे त्यालाच विचारणे आणि त्या उत्तरावर त्याची योग्यता ठरविणे, यास मी तरी शास्त्र म्हणू शकत नाही.

खेदाची गोष्ट अशी की, याहून फार चांगले मोजमाप त्यापूर्वी सत्तर वर्षे करून झालेले होते. बर्लिनच्या विद्यापीठात अध्यापन करणारे आणि पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढून जखमी झालेले कुर्ट लेविन हे केवळ ज्यू म्हणून 1933 मध्ये देशत्याग करण्यास बाध्य झाले, आणि आयोवा विद्यापीठात स्थिरावल्यावर त्यांच्या मनाने जो प्रश्न घेतला तो असा की, हुकूमशाहीच्या छायेत माणसांचे परस्परांशी वागणे नेमके कसे पालटते. रोनाल्ड लिपिट या तरुण विद्यार्थ्याने त्या प्रश्नाला प्रयोगाचे रूप दिले. दहा वर्षांच्या मुलांची पाच-पाच जणांची मंडळे स्थापून, मुखवटे तयार करण्यासारखी कामे त्यांच्याकडून करवून घ्यावयाची; एका मंडळाच्या नायकाने प्रत्येक पाऊल हुकुमाने ठरवावयाचे, दुसऱ्याने मुलांशी विचारविनिमय करून; आणि गोणपाटाच्या पडद्याआड बसलेल्या निरीक्षकांनी मुलांचा शब्द न् शब्द टिपावयाचा.

पुढच्या, अधिक मोठ्या प्रयोगात राल्फ व्हाइट सहभागी झाले आणि तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. लोकशाही नायकाची भूमिका करताना व्हाइट इतके अलिप्त राहिले की, मंडळात नुसता गोंधळ माजला. दुसरा एखादा संशोधक ती फेरी रद्दबातल ठरविता; परंतु चित्रण करीत असलेले लेविन हर्षित झाले, कारण लोकशाही आणि निर्नायकी या दोन सर्वस्वी भिन्न अवस्था आहेत हे त्यांना त्या क्षणी दिसले. शिबिरांत आज घोकविल्या जाणाऱ्या तीन शैलींपैकी तिसरी, निर्हस्तक्षेपी शैली, अशी जन्मास आली. त्या शैलींची नावे सर्वत्र पोहोचली, पण लिपिट आणि व्हाइट यांना तळटिपेपलीकडे स्थान मिळाले नाही, याची मला सतत खंत वाटते.

प्रयोगाची खरी प्रतिभा मात्र त्याच्या रचनेत आहे. नायक आळीपाळीने भूमिका बदलीत. जो गृहस्थ एका मंडळात एकतंत्री अंमलदार, तोच दुसऱ्यात लोकशाहीचा पुरस्कर्ता. मुलांचे वर्तन नायकाच्या उपजत स्वभावानुसार नव्हे, तर त्याच्या आचरणानुसार पालटले. आणि लेविन यांच्या सहकाऱ्यांनी नायकाला कसलीही प्रश्नावली न देता, काम चालू असताना त्याला खोलीबाहेर पाठविले! हुकुमतीपुढे नमलेली मुले नायकाच्या देखत 74 टक्के वेळ कामात असत, पाठ फिरताच 29 टक्के. लोकशाही मंडळात हेच आकडे 50 आणि 46 असे होते. वरकरणी पाहणाऱ्या कारखानदाराला पहिलेच मंडळ अधिक शिस्तीचे वाटले असते. एकतंत्री मंडळांत कोठे मुले मुकी झाली, तर कोठे आपसांतील एखाद्या मुलालाच छळू लागली. आणि पसंती विचारली तेव्हा 20 पैकी 19 मुलांनी एकतंत्री नायकापेक्षा लोकशाही नायकास कौल दिला. उरलेला एकटा एका सैनिकी अधिकाऱ्याचा मुलगा होता.

मुलांच्या मंडळावरून मोठ्यांच्या कचेरीविषयी अनुमान काढणे धाडसाचे, ही शंका रास्त आहे. पण तिचेही उत्तर लेविन यांच्याच वर्तुळातून आले. व्हर्जिनियातील मेरियन येथे पायजमे शिवणाऱ्या हारवुड कारखान्यात कामाची पद्धत बदलली की कामगार खट्टू होत, उत्पादन घटे आणि पुष्कळजणी नोकरी सोडीत. लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच यांनी तेथे केलेली चाचणी 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या गटाला बदलाचा हुकूम केवळ समजावून सांगण्यात आला त्यातील 17 टक्के कामगार 40 दिवसांत निघून गेले. ज्या गटांतील सर्वांना नवी पद्धत ठरविण्यातच सामील करून घेतले त्यांतील एकही गेला नाही, आणि त्यांचे उत्पादन पूर्वीच्या पातळीहून सुमारे 14 टक्के वर चढले.

तेव्हा भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, कारण आयोवातील नायकांना ठरवून दिलेले वर्तन ठरवून करता आलेच होते. परंतु त्याचे मोजमाप अधिकाऱ्याच्या उत्तरपत्रिकेतून मिळणार नाही. साहेब फिरतीवर किंवा रजेवर असताना त्यांच्या खात्याचे दफ्तर कसे चालते, हाताखालची किती माणसे बदली मागतात, चूक झाल्याची वर्दी वरपर्यंत किती लवकर पोहोचते, हे पाहावे लागेल. आणि ज्यांना वाटते की अशा निकालांत कामगारांचा मूळ स्वभावच दोषी असेल, त्यांनी हारवुडमधील पुढची चाचणी अवश्य वाचावी: पहिल्या, असंतुष्ट गटातील उरलेल्या कामगारांनाच काही आठवड्यांनी पुन्हा नवे काम देण्यात आले, या वेळी त्यांना विश्वासात घेऊन, आणि त्याच माणसांनी थोड्याच दिवसांत जुनी पातळी गाठून ती ओलांडली.