टोनोपाची चांदी, मुंबईचा रुपया

टोनोपा (नेवाडा, अमेरिका) : लास वेगासहून रिनोला जाताना निम्म्या वाटेवर, 6,000 फुटांवरच्या उजाड वाळवंटात हे गाव लागतं. वस्ती जेमतेम दोन हजार. टेकडीवर जुन्या खाणींचे मनोरे आणि खाली चक्क पाच मजली मिझपा हॉटेल. एवढं मोठं हॉटेल इथे कुणासाठी बांधलं असेल, हा प्रश्न पडतोच.

1900 साली जिम बटलर नावाच्या शेतकऱ्याला इथे चांदीचा दगड सापडला. आपल्याकडे खाणपट्ट्यासाठी सरकारदरबारी खेटे घालावे लागतात. इथे 1872 च्या कायद्यानुसार सरकारी पडीक जमिनीवर ज्याला खनिज सापडेल त्याने खुंट्या ठोकायच्या, 1,500 फूट लांब आणि 600 फूट रुंद तुकडा त्याचा. बटलरकडे पैसा नव्हता. त्याने निव्वळ शब्दावर शंभराहून अधिक जणांना खणायला पट्टे दिले. निघेल त्यातला चौथा हिस्सा त्याचा. लेखी करार नाही! पाणीसुद्धा बाहेरून आणावं लागणाऱ्या या माळावर 1904 मध्ये रेल्वे आली आणि पुढच्याच वर्षी जिल्ह्याची कचेरी. किंमत मजुरांनी मोजली. कोरड्या ड्रिलिंगने उडणारी गारगोटीची धूळ त्यांच्या फुप्फुसांत बसे. 1911 मध्ये बेलमाँट खाणीला आग लागली, 17 जण गेले.

पण या गावाचं नशीब खाणीइतकंच वॉशिंग्टनमध्येही ठरत होतं आणि त्यात आपला हात होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून धान्य, ताग, सैनिक नेले, मोबदला रुपयांत. लोकांना नोटा नकोत, चांदीचं नाणं हवं. चांदी पुरेना म्हणून 1917 मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. 1918 मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला : सरकारी तिजोरीतले 25 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ब्रिटनला विकले, आणि ती चांदी मुख्यतः हिंदुस्थानात रुपये पाडायला आली. तिजोरीतली तूट अमेरिकी खाणींकडूनच, औंसाला एक डॉलर या बांधील भावाने भरून काढायची, अशी तजवीज कायद्यातच होती. कायद्याला नाव देणारे सेनेटर की (Key) पिटमन हे टोनोपाचेच वकील. आपल्या गावासाठी त्यांनी केलेली ही सोय मला मुळीच गैर वाटत नाही. पण गावाने तिच्यावरच विसंबून राहावं, हे मात्र वाईट झालं.

दूरच्या कायद्याने गाव कसं हेलकावतं, हे तारापूरला सांगायला नको. 1969 साली सुरू झालेल्या आपल्या अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, इंधन अमेरिकेचं, आणि पोखरणच्या पहिल्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने कायदा करून तेच अडवलं. तारापूरला इतरांकडून इंधन मिळालं. शेजारच्या बोईसरला एमआयडीसीचाही आधार होता. टोनोपाला चांदीखेरीज फारसं काही नव्हतं. 1923 मध्ये ती बांधील खरेदी संपली, भाव कोसळला, खाणी एकेक करून बंद पडल्या. 1947 मध्ये रेल्वेचे रूळही उखडले. आज गाव चालतं ते जिल्हा कचेरी, जवळचं लष्करी चाचणी क्षेत्र आणि हमरस्त्यावरचे प्रवासी यांच्यावर.