उताराकडे तोंड करा

रत्नागिरीकराला बर्फ माहीत असतो तो मासळीचा. मिरकरवाड्याच्या बंदरात लाद्या येतात, त्यांचा चुरा होतो आणि तो होडीच्या खणात सुरमई-बांगड्यावर पसरला जातो. आकाशातून पडणाऱ्या बर्फाशी या शहराचा संबंध लावायचाच झाला, तर इथे जन्मलेल्या लोकमान्यांनी १९०३ साली आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, इतकाच. तरीही काश्मीरला जाणाऱ्या सहलीत चाळिशीतला एखादा बँकवाला किंवा एखादी शिक्षिका अशी निघतेच, की गुलमर्गला स्लेजवर बसून फोटो काढण्यावर तिचं भागत नाही. एका फळीवर आडवं उभं राहून नागमोडी उतरणारी पोरं ती बघत राहते आणि विचारते, हे मला या वयात येईल का?

येईल. फक्त ती फळी चालते कशी हे आधी समजून घ्यावं. लहान मूल बघून बघून शिकतं. मोठ्या माणसाला कारण कळलं नाही तर त्याचं शरीर सहकार्य करत नाही.

स्नोबोर्डिंगचा हा खेळ तसा फार जुना नाही. १९६५ च्या नाताळात अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने घरातल्या मुलींना खेळायला दोन स्की शेजारी शेजारी जोडून दिल्या. सर्फिंगची फळी लाटेवर चालते, ही बर्फावर, म्हणून त्याच्या बायकोने तिचं नाव ठेवलं स्नर्फर. १९७७ मध्ये व्हरमाँटला जेक बर्टनने पाय बांधायची सोय असलेले बोर्ड बनवून विकायला सुरुवात केली. स्कीवाल्यांनी या मंडळींना बरीच वर्षं आपल्या उतारांवर येऊ दिलं नाही. १९९८ साली नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये खेळ दाखल झाला, तरी यूटा राज्यातल्या आल्टासारख्या ठिकाणी बोर्डला आजही बंदी आहे. सांगायचा मुद्दा असा, की या खेळाचं मूळ समुद्रात आहे. किनाऱ्यावरच्या माणसाने त्याला परका मानायचं कारण नाही.

आता बोर्डकडे नीट बघू. वरून पाहिला तर तो दोन्ही टोकांना रुंद आणि मधे अरुंद असतो. त्याची बाजू सरळ रेषेत नसते. ती एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या मोठ्यांच्या बोर्डात साधारण ७-८ मीटर धरायला हरकत नाही. खालच्या बाजूला दोन्ही कडांना पोलादी पट्टी बसवलेली असते. तुम्ही आडवे उभे असता, त्यामुळे एक कड टाचांखाली येते आणि दुसरी चवड्यांखाली. स्नोबोर्डिंगचं सगळं शास्त्र या दोन कडांत आहे.

बोर्ड एका कडेवर कलला की ती कड बर्फात रुतते. तुमच्या वजनाने बोर्ड मधोमध किंचित वाकतो, वक्र कड पूर्ण लांबीने बर्फाला टेकते आणि बोर्ड त्या वर्तुळाच्या मार्गाने आपसूक जाऊ लागतो. म्हणजे वळण घ्यायला बोर्ड पायांनी फिरवायचा नसतो, कलवायचा असतो. नवशिका मोठा माणूस नेमकं उलटं करतो. तो मागचा पाय झाडूनझाडून बोर्डची शेपटी इकडून तिकडे ढकलतो. सौम्य उतारावर ते खपून जातं, पण उतार जरा वाढला की मांड्या भरून येतात आणि बोर्ड ऐकेनासा होतो.

पण बोर्ड सपाट ठेवला तर? तर त्याला दिशाच उरत नाही. सरळ खाली जात असताना सपाट बोर्ड चालतो. आडवा घसरत असताना तो सपाट झाला, तर उताराच्या बाजूची कड बर्फात अडकते आणि माणूस क्षणात खाली फेकला जातो. पहिल्या दिवसांतलं सगळ्यात वाईट आपटणं हेच. यावरून एक नियम निघतो आणि तो तोंडपाठ करावा: आडवे घसरत असाल तेव्हा वजन नेहमी डोंगराच्या बाजूच्या कडेवर. काही नवशिक्यांच्या बोर्डची टोकं मुद्दाम जराशी वर उचललेली असतात, त्याने कड अडकण्याचं प्रमाण कमी होतं. भाड्याने घेताना असा बोर्ड मागून घ्यावा. मऊ हवा, आणि उभा धरला तर हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावा. तुमचं वजन कमी असेल तर आणखी आखूडही चालेल.

कोणता पाय पुढे ठेवायचा हा प्रश्न प्रशिक्षक पहिल्यांदा विचारतो. डावा पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा असेल तर गूफी. रत्नागिरीत याचं उत्तर घरबसल्या मिळतं. आषाढात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या अंगणात आपण घसरतो तेव्हा सावरायला जो पाय पुढे जातो, तोच बोर्डवर पुढे ठेवावा. उजवा-डावा हात कोणता वापरता याच्याशी त्याचा संबंध नाही.

शिकण्याचा क्रम जगात सगळीकडे जवळपास सारखा आहे. आधी फक्त पुढचा पाय बांधतात आणि मोकळ्या पायाने ढकलत सपाटीवर चालायला लावतात. हे कंटाळवाणं वाटतं, पण लिफ्टवर चढता-उतरताना हेच उपयोगी पडतं. मग दोन्ही पाय बांधून टाचेच्या कडेवर उभं राहायचं: तोंड दरीकडे, बोर्ड उताराला आडवा. टाचा दाबल्या की थांबता, चवडे किंचित खाली सोडले की बोर्ड हळूच आडवा घसरतो. याला साइड-स्लिप म्हणतात आणि हाच तुमचा ब्रेक. तो पक्का होईपर्यंत पुढे जाऊ नये. त्यानंतर त्याच कडेवर राहून वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर टाकत तिरकं इकडे आणि तिरकं तिकडे जायचं. याला फॉलिंग लीफ असं नाव आहे. बरेच हौशी लोक इथेच थांबतात. वर्षानुवर्षं टाचेवर बसून सगळा डोंगर घासत उतरतात आणि आपल्याला स्नोबोर्ड येतो असं सांगतात. त्यांना तो येत नाही.

मग हेच सगळं चवड्याच्या कडेवर, म्हणजे डोंगराकडे तोंड आणि दरीकडे पाठ करून. मागचं दिसत नाही म्हणून भीती वाटते, पण शरीराच्या दृष्टीने ही बाजू सोपी आहे. घोटा आणि गुडघा पुढे वाकवून नडग्या बुटाच्या जिभेवर टेकवायच्या, कंबर पुढे. उकिडवं बसायची सवय ज्यांनी टिकवली आहे त्यांचे घोटे इथे चटकन वाकतात. कमोडच्या पिढीला दोन-तीन आठवडे सराव करावा लागेल.

यानंतर येतं वळण, आणि मोठ्या माणसाची खरी परीक्षा इथे होते. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायचं तर मधे एक क्षण असा येतो की बोर्डचं टोक सरळ उताराकडे असतं आणि बोर्ड जवळजवळ सपाट असतो. त्या क्षणी वेग वाढतोच. तो वाढू द्यायचा असतो, कारण वळण पूर्ण झालं की बोर्ड पुन्हा आडवा होऊन स्वतःच हळू होणार असतो. भ्यायलेलं शरीर मात्र डोंगराकडे, मागे झुकतं. वजन मागच्या पायावर गेलं की कडेचा पुढचा भाग बर्फावरून उचलला जातो, टोक वळत नाही, बोर्ड सरळ सुटतो आणि ज्या वेगाची भीती होती तोच हाती येतो. विहिरीत पोहायला शिकताना हेच होतं: बुडू म्हणून मान वर काढावी, तर पाय खाली जातात आणि माणूस बुडतो. तिथे तोंड पाण्यात घालावं लागतं, इथे वजन पुढच्या पायावर टाकून उताराकडे तोंड करावं लागतं. नजर बोर्डच्या टोकावर ठेवू नका. जिथे जायचं आहे तिथे बघा. डोकं वळलं की खांदे वळतात, खांद्यांमागून कंबर, कंबरेमागून गुडघे, आणि बोर्ड शेवटी वळतो. माझ्या मते या खेळात मोठ्या वयाची अडचण गुडघ्यांपेक्षा या एका क्षणाची जास्त आहे. दहा वर्षांच्या मुलाला पडण्याची किंमत माहीत नसते; आपल्याला घराचा हप्ता आणि सोमवारची हजेरी आठवते. म्हणून पहिली वळणं इतक्या कमी उतारावर घ्यावीत की सरळ सुटलात तरी पुढच्या सपाटीत आपोआप थांबाल. आपल्याला जमेल त्यापेक्षा सोपा उतार निवडणं यात कमीपणा नाही.

पडणार मात्र नक्की. स्कीचा पट्टा जोराचा झटका बसला की सुटतो, स्नोबोर्डचा सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असल्यामुळे गुडघा पिरगळण्याचं प्रमाण इथे कमी असतं, पण माणूस पडताना हात टेकवतो आणि मनगट मोडतं. नवशिक्यांच्या दुखापतींत मनगट सगळ्यात वर. म्हणून मनगटाचं संरक्षक कवच विकत घ्यावं. भाड्याच्या दुकानात ते बहुधा मिळत नाही. पुढे पडाल तर मुठी मिटून कोपरापासूनच्या हातावर पडा. मागे पडाल तर हनुवटी छातीला लावून, गोल होऊन, एका कुल्ल्यावर. माकडहाडावर सरळ बसलात तर रत्नागिरी येईपर्यंत रेल्वेचा बाक आठवण करून देत राहील. हेल्मेट हवंच, त्याबद्दल चर्चाच नको.

उठणं हा वेगळा व्यायाम आहे आणि पहिल्या दिवशी माणूस घसरण्याने नाही तर पुन्हापुन्हा उठण्याने दमतो. पोटावर वळून, गुडघ्यांवर येऊन, चवड्याच्या कडेवर उठणं बहुतेकांना सोपं जातं. निघण्याआधी महिना-दीड महिना घरी तयारी करावी: भाट्याच्या पुळणीत मऊ वाळूतून चालणं, रत्नदुर्गाची चढण, हात न टेकता जमिनीवरून उठणं, एका पायावर उभं राहून दात घासणं. जिमची गरज नाही.

भारतात शिकायच्या मुख्य जागा तीन: काश्मीरमध्ये गुलमर्ग, उत्तराखंडात औली, हिमाचलात मनालीजवळचं सोलंग. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंगला स्कीचे वर्ग घेते. गुलमर्गचं गाव साधारण २,६५० मीटरवर आहे, आणि हिवाळ्यात तिथल्या गोल्फच्या मैदानालगतचे सौम्य उतार नवशिक्यांना पुरेसे असतात. गंडोल्याचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा जवळपास ३,९५० मीटरवर अफरवटला नेतो. तिथे दृश्य बघायला जा, बोर्ड घेऊन जाऊ नका. वरचे उतार सपाट केलेले नसतात आणि हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एका रशियन स्कीअरचा जीव गेला.

समुद्रसपाटीवरून थेट या उंचीवर गेलेल्याला पहिल्या दिवशी डोकं दुखणं, धाप लागणं साहजिक आहे. तो दिवस मोकळा ठेवावा, पाणी प्यावं, दारू टाळावी. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावं. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परतवतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन लागतं.

कपड्यांत कोकणी माणूस हटकून चुकतो. सुती बनियन घामाने भिजतं आणि थंडगार होऊन अंगाला चिकटतं. आत थर्मल, मधे फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, हा क्रम. आपला पावसाळी रेनकोट पाणी अडवतो तसा घामही अडवतो. तो घरीच राहू द्या. मोजे एकच जोड, लांब आणि पातळ. दोन जोड घातले की पाय बुटात हलतो आणि टाच उचलली जाते. टाच उचलली म्हणजे कड गेली.

जायचं कधी? चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात आणि जानेवारीअखेर संपतात. पूर्वी त्या काळात बर्फ गृहीत धरता यायचा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तेव्हा फेब्रुवारीचा मध्य धरावा, बदलता येईल असं तिकीट काढावं आणि निघण्याआधी तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करून जमिनीवर किती बर्फ आहे ते विचारावं.

आणि दिवस मोजून ठेवा. स्कीवर माणूस पहिल्याच दिवशी थोडंफार सरकायला लागतो. बोर्डवर पहिले दोन दिवस जवळपास सगळे आपटण्यात जातात, वळणं त्यानंतर जमायला लागतात आणि मग प्रगती झपाट्याने होते. सहलीत दोनच दिवस हाताशी असतील तर बोर्डच्या वाटेला जाऊ नका, स्की घ्या. सलग पाच दिवस देता येत असतील तर बोर्ड घ्या, आणि प्रशिक्षक पहिल्या दिवशीच ठरवा, तिसऱ्या दिवशी नव्हे.